गंजिफा-चित्रणातील पीतवर्ण

गंजिफा हा हाताने रंगविलेल्या, बहुधा गोल पानांचा एक जुना बैठा खेळ. महाराष्ट्रात ही पाने तयार करणारे प्रमुख केंद्र म्हणजे सावंतवाडी होय. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर तेथील प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, तेव्हा तो त्यात गेला. ह्या पानांवर राजे, प्रधान, घोडेस्वार, शस्त्रे, नाणी, पशू व देवता ह्यांची लहान आकाराची चित्रे असतात. त्यांच्या रंगसंगतीत तांबड्याच्या खालोखाल पिवळ्याचे महत्त्व आहे. कारण तो निव्वळ शोभेचा रंग नसून सोन्याचा प्रतिनिधी आहे. विष्णूचा पीतांबर, राजाचा मुकुट, योद्ध्याचे सोनेरी चिलखत, सिंहासनाचे खांब आणि खजिन्यातील मोहरा ही सर्व त्याच एका रंगाने दाखविली जातात. तथापि चिताऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड रंगही हाच. ही अडचण जुन्या कारागिरांना ज्या स्वरूपात होती, त्याच स्वरूपात ती आज राहिलेली नाही आणि त्याचे कारण रंगद्रव्यांच्या इतिहासात सापडते.

गंजिफांची मूळ कल्पना राज्य व सेना ह्यांची आहे. ‘गंज’ म्हणजे खजिना ह्या फार्सी शब्दाशी खेळाच्या नावाचा संबंध सामान्यतः जोडला जातो. भारतातील त्याचा सुप्रसिद्ध प्रारंभिक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आहे. सिंधमधील शाह हसन ह्याला ह्या खेळाची आवड होती, म्हणून बाबराने १५२७ मध्ये त्याच्याकडे गंजिफा पाठविल्या. त्या घेऊन जाणारा मीर अली हा बादशहाचा चिलखतखान्याशी संबंधित सेवक होता, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. अबुल फज्ल ह्याने आईन-इ-अकबरीत बारा गटांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या संचाचे सविस्तर वर्णन केले आहे. (पत्त्यांच्या परिभाषेत अशा गटाला ‘रंग’ म्हणतात, येथे घोटाळा होऊ नये म्हणून ‘गट’ हाच शब्द योजिला आहे.) अश्वपती, गजपती, गढपती, धनपती, दलपती अशी त्यांतील काही गटांची नावे आहेत. ह्यांपैकी दलपतीचा गट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचा राजा चिलखत घालून सिंहासनावर बसलेला, भोवती चिलखतधारी वीर, वजिराच्या छातीवर कवच आणि उरलेल्या दहा पानांवरही चिलखत घातलेले सैनिक, असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे खेळातील सेनेला चिलखत चढविण्याचे काम चित्रकाराकडे सोळाव्या शतकापासूनच आलेले दिसते.

पुढे आठ गटांचा, ९६ पानांचा संच अधिक रूढ झाला. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे त्याचे गट होत. दशावतारी गंजिफा ही ह्याच खेळाची हिंदू आवृत्ती. तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गट आणि प्रत्येकात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने असतात. खेळणारे सामान्यतः तिघे असून प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. दिवसा खेळ असल्यास रामाच्या राजाने व रात्री असल्यास कृष्णाच्या राजाने डाव उघडावयाचा, असा संकेत आहे. परशुरामाची कुऱ्हाड, रामाचा बाण, कल्कीची तलवार अशी चिन्हे पानांवर मोजून काढलेली असतात. राजाच्या पानावर अवताराचे चित्र असते आणि अनेक संचांत प्रधान घोड्यावर बसविलेला असतो. सावंतवाडीत ही कला खेम सावंत तिसरे (कार. १७५५–१८०३) ह्यांच्या काळात रुजली, तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांकडून दरबारास तिची ओळख झाली, असे परंपरेने सांगितले जाते. चितारी समाजातील कुटुंबांनी लाकडी खेळणी, पाट, देवघरे आणि गंजिफा ही सर्व कामे एकाच हाताने केली. त्यामुळे खेळण्यांवरील लाखकामाचे रंगज्ञान पानांवर आणि पानांवरील बारीक रेषा खेळण्यांवर, अशी देवाणघेवाण तेथे सतत चालू राहिली.

गंजिफांचे दरबारी व बाजारी असे दोन वर्ग अभ्यासक मानतात. दरबारी पाने हस्तिदंत, कासवाची पाठ इ. मौल्यवान द्रव्यांची असून त्यांवर खरे सोने लावीत. बाजारी पाने कापडाची वा कागदाची असत आणि तेथे सोन्याची जागा पिवळ्या रंगाने घेतली. हा बदल केवळ स्वस्ताईचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सोन्याचा वर्ख उजेडात चमकतो, अंधारात काळा दिसतो आणि हाताळण्याने झिजतो. पिवळा रंग मात्र पान कसेही धरले तरी पिवळाच दिसतो. खेळणाऱ्याला हातातले पान क्षणात ओळखावयाचे असते आणि त्या कामी सोन्यापेक्षा त्याची प्रतिमाच अधिक उपयोगी ठरते. बाजारी चिताऱ्याने चिलखताचा भास चकाकीने नव्हे, तर सपाट पिवळा, त्यावर तांबड्या वा काळ्या रेषा आणि पांढरे ठिपके एवढ्याच साधनांनी निर्माण केला. ज्या पानावर योद्ध्याची छाती तांदळाच्या चार दाण्यांएवढी असते, तेथे ह्याहून अधिक काही करणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते.

ह्यातील खरी अडचण सफेद व सुर्ख ह्या दोन गटांवरून लक्षात येते. सफेद म्हणजे चांदीचे नाणे आणि सुर्ख म्हणजे सोन्याचे. सुर्ख ह्या शब्दाचा अर्थ तांबडा असला, तरी नाणे रंगविले जाते ते पिवळे वा सोनेरी. दोन्ही गटांचे चिन्ह वर्तुळच. पिवळा हा उजळपणाच्या दृष्टीने पांढऱ्याला सर्वांत जवळचा रंग आहे. समई किंवा कंदील ह्यांचा प्रकाश मुळातच पिवळसर असल्याने रात्री हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जातात. पिवळा लेप पातळ पडला तर रात्रीच्या खेळात चांदी कोणती व सोने कोणते, हा वाद ठरलेलाच. तेव्हा पिवळा दाट, सारखा व ठाम लागणे ही चित्राच्या सौंदर्याची बाब नव्हती. ती खेळाच्या नियमांशी निगडित होती.

असा दाट पिवळा देणारे पारंपरिक द्रव्य म्हणजे हरताळ होय. हे आर्सेनिकाचे गंधकाबरोबरचे नैसर्गिक संयुग असून ते अभ्रकासारख्या चमकदार पापुद्र्यांच्या खड्यांत मिळते. लॅटिन भाषेत त्याला ऑरिपिग्मेंटम म्हणजे ‘सोन्याचा रंग’ असे म्हणत. भारतीय लघुचित्रकार, पोथ्यांचे लेखक आणि लाखकाम करणारे कारागीर ह्या सर्वांच्या संग्रही ते असे. लाखेत हरताळ कालवून पिवळ्या कांड्या करीत. तीतच नीळ मिसळली की हिरवी लाख तयार होई. हरताळाचा प्रकाश वळविण्याचा गुण फार मोठा असल्यामुळे त्याचा लेप खालचे झाकून टाकतो. ह्या गुणाची साक्ष मराठी भाषेतच जपलेली आहे. पोथीत चुकलेले अक्षर पुसण्यासाठी त्यावर हरताळाचा लेप देऊन पुन्हा लिहीत. त्यावरून ‘हरताळ फासणे’ म्हणजे केलेले व्यर्थ करणे, नाहीसे करणे, असा वाक्प्रचार रूढ झाला. (दुकाने बंद ठेवणे ह्या अर्थीचा ‘हरताळ’ वेगळा, त्याचा संबंध ‘हाट’ म्हणजे बाजार ह्या शब्दाशी आहे.) काळी शाई झाकू शकणारा पिवळा रंग, ही गोष्ट आज ज्यांनी शाळकरी रंगपेटीतील पिवळा काळ्या कागदावर लावून पाहिला आहे, त्यांना सहजी पटणार नाही.

हरताळाचे दोषही तितकेच मोठे आहेत. ते तीव्र विष आहे. तांब्यापासून वा शिशापासून केलेल्या रंगांच्या सान्निध्यात ते काळवंडते वा त्यांना काळवंडविते; म्हणून सफेत्याबरोबर त्याची जोडी जमत नाही. प्रखर उजेडात ते हळूहळू फिके पडते. ते खलण्यातही एक मर्यादा पाळावी लागते. खडबडीत राहिले तर कुंचल्यातून नीट उतरत नाही आणि फार बारीक झाले तर त्याचा झळझळीतपणा जाऊन ते फिकट होते. ही मर्यादा ग्रंथात वाचून कळणारी नव्हे. ती खलबत्त्याच्या आवाजावरून व बोटाला लागणाऱ्या कणांवरून ओळखावी लागे. जे ज्ञान केवळ हातात असते ते हाताबरोबरच जाते, आणि पुढे तसेच झाले.

पान तयार करण्याची कृती सर्वसाधारणपणे अशी : कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून पुठ्ठा करतात. त्यावर खडूची पूड व खळ ह्यांचा पांढरा लेप देऊन तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटतात. नंतर गोल चकत्या कापून पाठीमागची बाजू एकाच रंगाने, पुष्कळदा तांबड्याने, रंगवितात, म्हणजे प्रतिपक्षाला पाठीवरून पान ओळखता येत नाही. पुढील बाजूस गटाच्या पार्श्वभूमीचा रंग, त्यावर आकृत्यांचे सपाट रंग, मग रेषा व शेवटी ठिपके असा क्रम असून अखेरीस लाखेचा पारदर्शक थर चढवितात. घोटण्याच्या क्रियेकडे पाहुणा प्रेक्षक दुर्लक्ष करतो. परंतु पिवळ्याचे यश तिच्यावरच अवलंबून असते. अस्तर खरखरीत असेल तर द्रव्य खळग्यांत साचते व उंचवट्यांवरून निसटते. इतर रंगांत हा दोष लपतो, पिवळ्यात तो डागांच्या रूपाने उघडा पडतो. दुसरी दक्षता खालच्या रंगाची. काळ्यावर वा निळ्यावर पातळ पिवळा दिला की तो हिरवट दिसतो. ह्यास्तव गडद पार्श्वभूमीवर पिवळी आकृती काढावयाची झाल्यास त्या आकृतीपुरती पांढरी किंवा गेरूची जागा आधी भरून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. चिलखताच्या घड्या व जोड दाखविण्यासाठीही काळ्यापेक्षा गेरू वा हिंगूळ ह्यांची रेषा अधिक शोभते. काळा मिसळला की पिवळा मळतो, तांबडा मिसळला की तो तापलेल्या सोन्याकडे झुकतो. जांभ्या दगडाच्या ह्या प्रदेशात तांबड्या मातीची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही.

हरताळाखेरीज इतर पिवळे रंगही चिताऱ्यांना ठाऊक होते. रामरज ही पिवळी माती चांगली झाकते व टिकते. परंतु तिच्यात झळाळी नाही, तिने सोने होत नाही, फार तर पितळ होते. हळद चमकदार असली तरी उन्हात उडून जाते. पेवडी ह्या नावाने ओळखला जाणारा बंगाल-बिहारकडील पिवळा अत्यंत सुंदर, पण पारदर्शक होता. तो आंब्याची पाने खाणाऱ्या गाईंच्या मूत्रापासून मुंगेरजवळील मिर्झापूर येथे करतात, असा वृत्तांत त्रैलोक्यनाथ मुखर्जी ह्यांनी १८८३ मध्ये लिहिला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो बाजारातून नाहीसा झाला. ह्या सर्वांवर मात केली ती क्रोम पिवळ्याने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ ह्याने १७९७ मध्ये सायबीरियातील एका तांबड्या शिसे-खनिजातून क्रोमियम हे मूलद्रव्य शोधून काढले व त्यातून एकोणिसाव्या शतकात लेड क्रोमेट हे रंगद्रव्य सर्वत्र पसरले. ते स्वस्त, झळझळीत व उत्तम झाकणारे होते. हरताळाची जागा त्याने सहज घेतली. एका विषाच्या जागी दुसरे आले, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छापील, चौकोनी, बावन्न पानांच्या विलायती पत्त्यांनी गंजिफांची बाजारपेठ मोडली. १२० पाने हाताने रंगविण्याचे श्रम आणि काही आण्यांत मिळणारा छापील जोड ह्यांची स्पर्धा होऊ शकत नव्हती. खेळही कठीण. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि अर्ध्या गटांत दश्शा वरचढ तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का वरचढ, असा उलटसुलट क्रम सांभाळावा लागतो. सावंतवाडीत चितारआळीतील कारागीर लाकडी फळे व खेळणी करून टिकून राहिले, पण गंजिफा रंगविणारे हात कमी होत गेले. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी ह्यांनी ह्या कलेकडे लक्ष दिले, तेव्हा ती पूर्णपणे जाणणारे पुंडलीक चितारी हे एक वयोवृद्ध कलावंतच काय ते उरले होते. त्यांच्याकडून ती शिकून घेण्यात आली, राजवाड्यात कार्यशाळा सुरू झाली आणि तरुण कारागिरांची नवी पिढी तयार झाली. ह्याच सुमारास मुंबईत दीर्घकाळ राहिलेले कलासमीक्षक रूडॉल्फ फोन लायडेन ह्यांनी भारतीय गंजिफांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या ग्रंथासह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९८२ मध्ये गंजिफांचे प्रदर्शन भरले.

ह्या पुनरुज्जीवनाचे मोल फार मोठे आहे. तथापि चित्रांचे नमुने, चिन्हे व गटांचा क्रम ह्यांचे जसे जतन झाले, तसे द्रव्यांचे झाले नाही, हेही नोंदविले पाहिजे. तसे होणे इष्टही नव्हते. हरताळ खलावयास शिकाऊ मुलांना बसविणे आज कोणीही योग्य मानणार नाही. शिशाच्या रंगांवरही बंधने आली. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगलेपांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आहे. त्यामुळे आज कारागिराच्या हाती येतात ते बहुतांशी सेंद्रिय पिवळे रंग, म्हणजे पोस्टर रंग वा ॲक्रिलिक. ते निरुपद्रवी व चमकदार असले, तरी पारदर्शकतेकडे झुकणारे आहेत. म्हणजे ‘पिवळा झाकत नाही’ ही जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, ती काही अंशी आधुनिक आहे. जुन्या चिताऱ्याचा पिवळा झाकत असे, पण मारक होता; आजचा निरुपद्रवी आहे, पण त्याला खालून आधार द्यावा लागतो.

ही तक्रार केवळ आपल्याकडील नाही. यूरोपात न्यूरेंबर्ग परिसरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाच्या चपट्या सैनिकांचा उद्योग भरभराटीस आला. प्रशियन सैन्यात १८२४ मध्ये फोन राइस्विट्स ह्याचा युद्धखेळ शिक्षणासाठी स्वीकारण्यात आला आणि इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स ह्याने १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांनी लढाई खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने मांडले. ह्या परंपरेतून टेबलावर मांडावयाच्या प्लॅस्टिकच्या व धातूच्या योद्ध्यांचा छंद वाढला. १९८७ पासून प्रसिद्ध असलेल्या वॉरहॅमर ४०,००० ह्या ब्रिटिश खेळातील एका पथकाचे चिलखत संपूर्ण पिवळे असते, आणि ते रंगविणे हे छांदिष्टांमध्ये कसोटीचे काम समजले जाते. मूर्तीला काळे अस्तर दिले की पिवळा हिरवट व ठिगळांचा दिसतो. म्हणून पांढरे, तपकिरी किंवा गुलाबीसर अस्तर देऊन त्यावर दोनतीन पातळ हात देतात आणि सांध्यांच्या रेषा काळ्याऐवजी तांबूस तपकिरी काढतात. सावंतवाडीच्या चिताऱ्याला ह्यात नवे काहीच वाटणार नाही. दोघांचा परस्परांशी कोणताही संबंध नसता दोघेही एकाच उपायाशी पोहोचले, कारण अडचण द्रव्याची आहे, देशाची नाही. ह्यावरून प्रस्तुत लेखकास असे वाटते की, आजच्या गंजिफा-शिक्षणात नमुन्यांच्या नकलेपेक्षा अस्तर घोटण्याच्या सरावाला अधिक वेळ मिळावयास हवा. पर्यटकांसाठी झपाट्याने केलेल्या काही संचांत नेमका तोच वाचविला जातो आणि पीतांबर डागाळलेला दिसतो.

जुन्या पानांचा अभ्यास करताना पिवळ्याविषयी आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. लाखेचा थर कालांतराने पिवळसर व पुढे तपकिरी होतो. त्याखालील पांढरा पिवळा दिसू लागतो, पिवळा नारिंगी आणि निळा हिरवा. पार्श्वभूमीच्या रंगावरून गट ठरविणाऱ्या संग्राहकाची त्यामुळे सहज फसगत होते. सुटी पाने चुकीच्या संचात घातली जाण्याचे हेही एक कारण आहे. अशा वेळी पानाची कड किंवा लाख उडालेली जागा भिंगाखाली पाहावी. तेथे मूळ रंग बहुधा शाबूत असतो. हरताळाचे कण भिंगातून चकचकणाऱ्या पापुद्र्यांसारखे दिसतात, क्रोम पिवळा एकसारखा व निस्तेज दिसतो आणि त्यावरून संच क्रोम पिवळ्याच्या प्रसारापूर्वीचा असण्याची शक्यता अजमावता येते. पत्ते वाटताना बोट जिभेला लावण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. लाखेचा थर शाबूत असलेल्या पानांवर तिने फारसे बिघडत नसे; परंतु लाख उडालेली जुनी पाने हाताळताना ती कटाक्षाने टाळावी व नंतर हात धुवावेत. कोकणच्या दमट हवेत बुरशी व चिंचोक्याच्या खळीवर येणारी कीड ह्यांपासून अशी पाने जपावी लागतात. ती कोरड्या कागदात गुंडाळून, उन्हापासून दूर, लाकडी पेटीत ठेवण्याची घरगुती पद्धत आजही योग्यच आहे.